चौदा निकष आणि सदतीस नावं

आमच्या घरात चोरीची एकच वस्तू होती, आणि ती मी रीतसर पावती घेऊन आणली होती.

वस्तू म्हणजे संगणक. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भिंगारमध्ये घरी संगणक असलेली तीन कुटुंबं मला माहीत होती, चौथे आम्ही. नगरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून तो तयार करून दिला होता. पावतीवर मॉनिटर होता, कीबोर्ड होता, माऊस होता, धूळ बसू नये म्हणून दिलेलं प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा होतं. फक्त ज्याच्यावर हे सगळं चालायचं त्या विंडोजचा उल्लेख कुठेच नव्हता. विचारलं तर दुकानदार म्हणाला, ते सगळ्यांना असंच देतो, तुम्हीच पहिले विचारताय.

मी लष्कराच्या डेपोत भांडारपाल. बावीस वर्षं मी फक्त वस्तू मोजल्या. कोठारातून एखादी वस्तू हरवली तर तिचा शोध तरी घेता येतो; पण कागदावर नसलेली वस्तू कोठारात सापडली तर झोप उडते. आता तशी वस्तू माझ्याच बाहेरच्या खोलीत, माझ्या बायकोने, विमलने विणलेल्या रुमालाखाली बसली होती.

तरी मी गप्प बसलो असतो. पण आमच्या लेकीचं, सुजाताचं लग्न ठरलं, जामखेडचा मुलगा, आणि लग्नाचं कार्ड विमलने त्याच संगणकावर टाइप केलं. कार्डाच्या माथ्यावर 'नमो बुद्धाय'. लग्नात सगळे उभे राहून पंचशील म्हणणार. त्यातलं दुसरं शील काय, तर न दिलेली वस्तू घेणार नाही. आणि हे म्हणायला ज्या कार्डाने लोकांना बोलवायचं, ते कार्डच न दिलेल्या वस्तूवर तयार झालेलं! मी हे विमलला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत आहे?" मी म्हणालो, मला माहीत आहे ना. ती म्हणाली, मग तुम्ही विसरा.

विसरणं माझ्या स्वभावात नाही.

शेजारी प्राध्यापक साळवे राहत. दोन वर्षांपासून ते भेटेल त्याला लिनक्सचं महत्त्व सांगत होते. जगभरच्या लोकांनी मिळून ती प्रणाली बनवली आहे, आतली रचना सगळ्यांना खुली आहे, आणि ती कुणाकडूनही घ्या, कुणालाही द्या, गुन्हा नाही. फुकट आणि कायदेशीर हे दोन शब्द मी एका वाक्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. सरांनी मासिकांबरोबर आलेल्या चार सीड्या आणून दिल्या. चारही लिनक्सच, पण चार वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेलं. कुठलं निवडायचं, असं विचारल्यावर सर म्हणाले, ज्याची त्याची आवड.

आवडीवर मी आजवर काही घेतलेलं नाही (लग्नही नाही, तेव्हासुद्धा मी चार स्थळांचा तक्ता केला होता, हे विमलला पुढे कळलं आणि ती अजून विसरलेली नाही). मी चौदा निकष काढले. सूचनांची पानं किती, सीडीवर ओरखडे किती, मदतीचा पत्ता दिला आहे का, डिस्कवर जागा किती लागते, आवृत्तीचा आकडा मोठा की छोटा. प्रत्येक निकषाला वजन, एकूण शंभर गुण. पहिलीला साडेएकाहत्तर मिळाले, दुसरीला एकाहत्तर. अर्ध्या गुणाचा फरक मला पटेना म्हणून सगळी बेरीज पुन्हा केली. फरक अर्ध्याचाच राहिला. निर्णय शास्त्रीय होता.

साळवे सरांनी एक सल्ला दिला. डिस्कचे दोन भाग करा, एका भागात जुनं राहू द्या, दुसऱ्यात नवं टाका. चोराने अर्धा माल परत केला तर पोलीस त्याला सोडतात का? रविवारी सकाळी मी सूचनांची एकशे बारा पानं वाचली, आणि संपूर्ण डिस्क पुसायची का, या प्रश्नाला ठामपणे 'हो' म्हणालो. मग दुकानदाराला दोन पानी पत्र लिहिलं. विनापरवाना प्रती विकणं हा गुन्हा आहे, याची त्यात कलमवार जाणीव करून दिली आणि सोमवारी ते पोचपावतीसह रजिस्टर केलं.

नव्या प्रणालीवर संगणक सुरू झाला. काळ्या पडद्यावर एक ओळ आली. विमल पदराला हात पुसत आली.

"हे काय विचारतंय?"

"आपलं नाव. आणि परवलीचा शब्द."

"आधीचं चोरीचं होतं, ते कधी विचारत नव्हतं. हे आपलं स्वतःचं आहे, तर आपल्यालाच दारात उभं करून नाव विचारतंय?"

मी नाव सांगितलं आणि आत गेलो. कार्डाची फ्लॉपी माझ्याकडे होती. भांडारपाल राखीव प्रत ठेवणार नाही असं होईलच कसं! फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पडद्यावर उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर दोन टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाच्या खुणा असा सडा पडला. मराठीचं एक अक्षर नव्हतं.

साळवे सरांनी निदान केलं. मराठी दिसायची ती एका ठरावीक मराठी फॉन्टमुळे. तो फॉन्टही चोरीचाच होता आणि विंडोजबरोबर पुसला गेला होता. सरांच्या संगणकावर चालतं का पाहू म्हणालो, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. त्यांच्याकडे मराठी नव्हतंच, कारण ते शोधनिबंध इंग्रजीत लिहीत. आणि दुसरी म्हणजे, त्यांच्याकडे विंडोज होतं. लिनक्सचा ते अजून अभ्यास करत होते.

विमलने माझा तक्ता हातात घेतला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "या चौदांत मराठी कितवं होतं?" एवढंच तिने विचारलं. ते नव्हतं. घरातला संगणक ज्या एकाच कामाला वापरला जात होता, तेवढं एक काम सोडून मी बाकी सगळ्याला गुण दिले होते.

मजकूर पुन्हा टाइप करता आला असता. वर, वधू, वेळ, ठिकाण, सगळं पाठ होतं. गेली होती ती खालची नावं. 'आपले विनीत' या सदराखाली सदतीस नावं होती, आणि त्यांचा क्रम लावायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. समतेवर आयुष्यभर भाषणं ऐकलेली (आणि केलेली) आमची माणसं कार्डावर आपण चौथे की पाचवे यावरून जेवणाच्या ताटावरून उठून गेली होती. मुख्य वाद दोघांचा. घोडेगावचे माझे थोरले बंधू काशिनाथदादा, आणि विमलचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. शेवटी तह झाला. दोन रांगा करायच्या, डावीकडे वर दादा, उजवीकडे वर मामा. पण डावीकडचं आधी वाचतात म्हणून मामाचं नाव अर्धं बोट उंच. पुढे कुणी जुना मसुदा काढून भांडू नये म्हणून हाताने लिहिलेले सगळे कागद दोन साक्षीदारांसमोर मीच फाडून बंबात घातले होते. डेपोत रद्द कागदपत्रांचं आम्ही असंच करतो.

छापखान्यात गेलो. तिथे दुसऱ्याच कंपनीचा मराठी फॉन्ट होता. फाइल उघडली आणि खरंच मराठी अक्षरं आली, पण ओळीच्या ओळी नुसत्या 'ढ्ढ' आणि 'ळ्र'च्या. छापखानेवाला शांतपणे म्हणाला, "पाहुणे वाचू शकत असतील तर आपली छापायला हरकत नाही."

मग मान खाली घालून दुकानदाराकडे गेलो. म्हणालो, ते पहिलं होतं तेच परत टाकून द्या. तो म्हणाला, "साहेब, तुमचं रजिस्टर पत्र आलं. बायको रडायला लागली. त्याच दिवशी सगळ्या सीड्या फोडून टाकल्या." माझ्या पत्राने कुणाचं वर्तन सुधारल्याचं आयुष्यातलं ते पहिलं आणि शेवटचं उदाहरण.

आता माझ्याकडे फक्त गणित उरलं. चिन्हांचे पुंजके मोजायला बसलो. एक पुंजका एकतीस नावांआधी येत होता, तो 'आयु.' असणार. दुसरा सहा नावांआधी, तो 'कालकथित'. एकतीस आणि सहा सदतीस, बेरीज चोख! म्हणजे यादीत जिवंत किती आणि गेलेले किती हे मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. कोण कितव्या जागी, एवढंच कळत नव्हतं.

तेव्हा मी ते केलं, जे करू नका म्हणून विमलने तीनदा बजावलं होतं. एकतीस हयात नातेवाइकांना उत्तराचं कोरं कार्ड चिकटलेली जोडकार्डं पाठवली. 'मंजूर यादीत आपल्या नावाचा क्रमांक कितवा होता, हे उलट टपाली कळवावे.' आठ दिवसांत एकोणतीस उत्तरं आली. सात जणांचा क्रमांक पहिला होता. चौघांचा दुसरा. आणि सदतीस नावांच्या त्या यादीत बाराव्याच्या खाली कुणीही नव्हतं.

उत्तर न आलेले दोघे म्हणजे मामा आणि दादा. मामा स्वतः आला आणि म्हणाला की अर्धं नव्हे, दोन बोटं उंच ठरलं होतं. त्याला चहा देऊन बसवला, तो मुक्कामालाच राहिला. दादांचा मात्र निरोप आला: लग्नाला येणार नाही.

हे हसण्यासारखं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. दादांनी शाळा सोडली, दुसऱ्याच्या रानात राबले आणि मला नगरला शिकायला ठेवलं. पाच वर्षं घोडेगावहून एसटीने माझा डबा आला, त्यातली भाकरी दादा स्वतः फडक्यात बांधून कंडक्टरच्या हातात देत. सुजाताने निरोप ऐकला आणि शांतपणे सांगितलं, मोठे बाबा नसतील तर मी लग्नाला उभी राहणार नाही. तारखेला सतरा दिवस उरले होते आणि एकही कार्ड छापलेलं नव्हतं.

मी घोडेगावला निघणार, तोच दादाच दारात आले. हातात माझं जोडकार्ड.

"शुक्रवारचा बाजार भरल्याला. पोस्टमननं हे बैलांच्या दावणीपाशी समद्यांसमोर वाचलं," ते म्हणाले. "माझं नाव कितवं, हे तू मला इचारतो व्हय? परक्याला इचारावं तसं?"

"दादा, यादी गेली हो. पहिलं तुमचंच होतं, पण…"

"मंग कारड कशापायी धाडलं?"

"सगळ्यांना धाडलं. तुम्हाला वगळलं असतं तर हिशेब एकतीसचा लागला नसता."

दादा उंबरा ओलांडून आत आले. मग म्हणाले, "दाव ती यादी."

मी संगणक लावला. नाव सांगितलं, परवलीचा शब्द सांगितला, फाइल उघडली. दादांनी चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावलं.

"ह्यात मी कुठं हाय?"

"बहुतेक हे. किंवा… हे."

"आन् मामा?"

"तोही यातच कुठेतरी आहे."

मामा आतून उठून आला आणि दादांच्या खांद्यावरून बघू लागला. दोघे मिळून ती टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं न्याहाळत होते. आधी दादांचे खांदे हलले, मग पोट. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आरं, लई झ्याक हाय की हे," ते म्हणाले. "कोन वर, कोन खाली, कुनाच्या बापाला कळायचं न्हाई. इतकी वर्सं भाषनं करून जमलं न्हाई, ते ह्या डब्यानं एका रविवारी केलं. काढ समदी नावं. पोरीचं ठिव, पोराचं ठिव, जागा आन् येळ ठिव. बाकी कोन कुनाचा, ते जेवताना कळंल."

मामाने विचारलं, "तुमचंबी काढायचं?"

"माझं पयलं काढ," दादा म्हणाले.

झालं. मी जामखेडला व्याह्यांना कळवलं. तेही नाराज झाले नाहीत, कारण त्यांच्याकडे दोन चुलत्यांमध्ये हाच तंटा पेटला होता. नावांशिवाय कार्डं छापली. मी मुद्रितं चार वेळा तपासली. एकही चूक नव्हती.

सगळे आले. सातही पहिले आले, आणि नावं काढायची कल्पना आपलीच होती असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. दादा पहिल्या रांगेत बसले. मी मंडपाच्या मागे खुर्च्या मोजत उभा होतो. तेवढ्यात व्यासपीठावर मला कधी न पाहिलेल्या जामखेडकडच्या वडीलधाऱ्या मंडळींनी साळवे सरांना पुढे घेतलं, गळ्यात हार घातला, आणि अशी गुणी लेक आमच्या घरात दिलीत म्हणून त्यांचे हात हातात घेतले. सर काहीतरी समजावू पाहत होते. पण त्या मंडळींच्या हातात कार्ड होतं. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून कार्डाच्या तळाशी मी शेजारचा नंबर दिला होता, आणि वर नियमाप्रमाणे लिहिलं होतं: 'संपर्क – प्रा. साळवे'. वधूवर सोडले तर अख्ख्या कार्डावर तेवढं एकच नाव होतं.

पहिल्या रांगेत दादा पोट धरून हसत होते. मी घाईने पुढे निघालो, तर जामखेडच्या एका पाहुण्याने मला दंडाला धरून थांबवलं.

"ओ मंडपवाले," तो म्हणाला, "मुलीच्या आई-वडिलांना बसायला दोन खुर्च्या द्या की वर."

मी दोन खुर्च्या दिल्या. मोजून.