पट्टीखालचं वर्तुळ

इथले अनुभव मी गेले कित्येक महिने वाचतोय आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा मनात एकच येतं... थापा! माझी नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपरची होती. आलेल्या ड्रमचं सील तपासायचं, चलन तपासायचं, ड्रायव्हरचं तोंडसुद्धा तपासायचं. असं आयुष्य काढल्यावर माणूस भुतावर सोडाच, सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. तरी लिहितोय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीकडचं. आईचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं, खाऱ्या पाण्यात उभं राहून. साठी आली तेव्हा तिच्या डाव्या पायावर गांडुळासारख्या निळ्या शिरा फुगल्या होत्या. संध्याकाळी पाय ठणकायचा, घोट्याजवळची कातडी काळी पडली होती. पेणच्या एका दवाखान्यात दर शनिवारी मुंबईहून सर्जन यायचे. ते म्हणाले, ॲडमिट व्हायला नको. शिरेत औषधाचं इंजेक्शन देऊ, वर घट्ट पट्टी बांधू, चालत घरी जा.

चालत घरी? मला तिथंच शंका आली. एवढं सोपं असतं तर लोक ऑपरेशन कशाला करतात?

म्हणून मी आतच उभा राहिलो. डॉक्टरांनी आईला स्टुलावर उभं केलं आणि पायाच्या आतल्या बाजूनं जांभळ्या मार्करने शिरांवर रेघा ओढल्या. मग झोपवून पाच-सहा इंजेक्शनं दिली. दवाखान्यात कामाला हिराबाई म्हणून एक मावशी होत्या. त्यांनी पाय उचलून धरला आणि डॉक्टरांनी पावलापासून वरपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं. पोटरीची मागची बाजू मी स्वतः पाहिली होती. कोरी होती.

"आठ दिवस पट्टी सोडायची नाही. आणि रोज चालायचं," डॉक्टर म्हणाले.

आईला मी ओळखून होतो. खाज आली की ही पट्टी सोडणार आणि वर 'नाय सोडली' म्हणणार. म्हणून चिकटपट्टीच्या प्रत्येक जोडावर मी बॉलपेनने सही केली. अर्धी चिकटपट्टीवर, अर्धी बँडेजवर... ड्रमवर करायचो तशी.

आई चिडली. "मी काय तुज्या कंपनीचा माल हाय का रं?"

तिला मी रोह्याला माझ्याकडेच आणलं. शिफ्टवरून आलो की आधी सह्या बघायचो. सगळ्या जागच्या जागी. पाचव्या दिवशी ती म्हणाली, पाय भरून येतोय. मी म्हटलं, पट्टी घट्ट आहे, वाटणारच तसं.

शनिवारी पेणला गेलो. सह्या बघून डॉक्टर हसले, मग कात्रीने पट्टी कापली. आतल्या बाजूच्या रेघा घामाने पुसट झाल्या होत्या. आईला कुशीवर वळवलं... आणि डॉक्टरांचा हात थांबला.

पोटरीच्या मागे एक वर्तुळ होतं. चार आण्याच्या नाण्याएवढं, जांभळं, गडद. डॉक्टरांनी बोट लावलं तर शाई ग्लोव्हला लागली. ओली होती.

"हे कोणी केलं?" त्यांनी मला विचारलं. मला!

"मार्कर तुमचा आहे," मी म्हणालो.

त्यांनी कापलेलं बँडेज उलटंपालटं करून पाहिलं. त्या जागी आतून डागसुद्धा नव्हता. मग त्यांनी वर्तुळाच्या मधोमध अंगठ्याने दाबलं आणि आई कळवळून ओरडली. डॉक्टरांनी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच सुजली होती. त्यांचा चेहरा पार बदलला.

"आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या. चालवू नका, गाडीत आडवं झोपवून न्या."

हिराबाई दारात उभ्या होत्या. त्या वर्तुळाकडे टक लावून बघत होत्या. माझं डोकं फिरलं.

"मावशी, हे तुमचं काम आहे. काय केलंत आईच्या पायाला?"

"मी तर आता आले, साहेब. पायाजवल पन नाय गेले."

"मग तोंड का उतरलं तुमचं?"

बाहेर बसलेले पेशंट ऐकत होते. हिराबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि त्या निघून गेल्या.

मुंबईत तपासणी झाली. पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होती, बरोबर त्या वर्तुळाखाली. आई दहा दिवस हॉस्पिटलात होती. नंतर पेणला येणारे ते सर्जन मला स्पष्टच म्हणाले, "सूज पट्टीखाली दबली होती. ते वर्तुळ नसतं तर मी नवी पट्टी बांधून 'चाला' म्हणून घरी पाठवलं असतं. गुठळी फुप्फुसात गेली असती तर..."

तरी माझा संशय जाईना. यांच्याच इंजेक्शनने गुठळी झाली आणि आता हुशारी दाखवतायत का? पण पट्टी कापताना मी हातभर अंतरावर होतो. त्यांच्या हातात कात्रीशिवाय काही नव्हतं. मग बायकोला विचारलं. ती फणकारली, "हो, मीच केलं. तुमच्या सगळ्या सह्या गिरवून पुन्हा पट्टी बांधली!" चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटी आईनेच एक गोष्ट सांगितली. पट्टी सोडायच्या दोन दिवस आधी, दुपारी, ती आडवी पडली होती. पट्टीच्या आतून पोटरीवर काहीतरी गार गार फिरल्यासारखं वाटलं. "मिठागरात पायाला बारकी मासली लागं ना, तसंच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून? तू मलाच इचारला असतास, पट्टी का सोडली म्हनून."



आई बरी झाल्यावर मी दवाखान्यात गेलो तेव्हा कळलं, हिराबाईंनी त्याच दिवशी काम सोडलं होतं. त्यांना शोधायला आणखी तीन-चार महिने गेले... खरं तर माझाच पाय निघत नव्हता. पेणजवळच्या जोहे गावात एका गणपतीच्या कारखान्यात त्या मूर्तींना पॉलिशपेपर मारत बसल्या होत्या. मी माफी मागितली. पण जित्याची खोड... जाता जाता विचारलंच, "मावशी, खरंच तुम्ही नव्हतं ना केलं?"

त्यांनी हातातली मूर्ती बाजूला ठेवली.

"साहेब, तुमच्या आईचा जीव वाचला ना त्यानी? मी केला असता तर छाती ठोकून सांगितला असता, मी केला म्हनून. चोरी लपवतात. असा काम कोन लपवंल?"

मी परत त्यांच्यासमोर बसलो.

"तेव्हा तोंड उतरलं, कारन पट्टी बांधली त्या दिवशी पाय मीच धरला होता. तिथं कायबी नव्हतं. तुमी बघितलं, तसं मीबी बघितलं होतं." मग म्हणाल्या, "कशी हाय आता म्हातारी?"

चांगली आहे, म्हटलं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. ते वर्तुळ कोणी काढलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कळलंय ते एवढंच, की ज्या-ज्या माणसावर मी संशय घेतला, त्यांतल्या एकानेही ते काढलेलं नव्हतं.