डोळे मिटून काढलेला बाण

मार्करचं टोपण काढलं की त्या उग्र वासासरशी मला चाकणच्या कंपनीतली मीटिंगची खोली आठवते. बाहेर पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनची धडधड, आत गार एसी आणि साय धरलेला चहा. माल नापास का होतोय, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. फळ्यावरची दोन-दोन कारणं घ्यायची, कशामुळं काय होतं ते विचारायचं आणि जास्त हात वर होतील तसा कारणाकडून परिणामाकडं बाण काढायचा, अशी पद्धत. मार्कर माझ्याकडं होता. कामगार निष्काळजी म्हणून मशिन बिघडतं, की मशिन बिघडलेलं म्हणून कामगार चुकतो? मोठे साहेब आधीच म्हणाले, "निष्काळजीपणा. उघड आहे." झालं, सगळे हात वर. जुन्या सुपरवायझरांचाही, खाली मान घालून. मी बाण काढलाच नाही. म्हटलं, "आता सगळ्यांनी डोळे मिटून हात वर करा. सर, तुम्हीसुद्धा." साहेब चिडले. "पद्धतीत हे कुठं आहे?" "कुठंच नाही. पण डोळे उघडे असले की सगळे तुमच्याकडंच बघतात." शेवटी त्यांनीही मिटले. मी हात मोजले आणि सांगितलं, या वेळी बहुतेक मशिनच्या बाजूनं आलेत. "काढा बाण, मॅडम," सुपरवायझर म्हणाले, "मशिनच हाय ते." मी काढला. "पुसा तो," साहेब म्हणाले. मी डस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. डस्टर तिथंच राहिलं. हल्ली अशा मीटिंगा मीच घेते. हे पद्धतीत बसत नाही, असं कुणीतरी म्हणतंच. मग पद्धत बदला, मी म्हणते, आणि आधी डोळे मिटा.