मूळचं कोणी नसलेलं बेट

"आधी नकाशा उघड, तोंड नंतर." असं म्हणताना सर समोरच्याच्या तोंडापुढे तळहात धरायचे. समोर पोर असो की पोराचा बाप.

ऑस्ट्रेलियात, वेरिबीतल्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात ते मोठ्या मुलांना शिकवत. सगळी नोकरी हवामानाची यंत्रं दुरुस्त करण्यात काढलेली. मी वर्गाची सचिव. असा तापट माणूस तुम्हीही एखाद्या मंडळात पाहिला असेल. लोक त्याला कामापुरतं बोलावतात, चहाला नाही. उशिरा येणाऱ्या पालकांना ते मुलांदेखत झापत. मला एकदा म्हणाले, "सचिवबाई, तुमच्या पत्रात तीन चुका आहेत. चौथी तुमची सही."

लॉकडाउन लागला, वर्ग झूमवर आला. अध्यक्षांचं म्हणणं, मुलांकडून श्लोक पाठ करून घ्या. सरांनी यान मायेन शिकवायला घेतलं. ग्रीनलंडच्या पूर्वेला, पार उत्तरेच्या समुद्रात एकटं पडलेलं ज्वालामुखीचं बेट. सर्वेक्षणाच्या एका जहाजावर असताना ते तिथे उतरले होते.

"बंदर नाही. धुक्यामुळे जहाज कितीतरी दिवस बाहेरच उभं. शेवटी छोट्या बोटीतून गेलो, गुडघाभर पाण्यात उतरून. आता काढा. पळीसारखा आकार. मध्ये चिंचोळं. वरच्या टोकाला बर्फाचा डोंगर, त्याच्या पोटात आग."

माझ्या मुलीने विचारलं, "सर, तिथली माणसं मूळची कुठली?"

"तिथलं मूळचं कोणीच नाही. हवामान केंद्रावर कामाला येतात, मुदत संपली की जातात."

"देन हू इज द बॉस?"

"बेट नॉर्वेचं. कारभार बघणारा गव्हर्नर समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर. बेटावर केंद्रप्रमुखाकडे थोडे अधिकार." मग म्हणाले, "तिथे मला आडनाव विचारून कोणी पुढचा प्रश्न गिळला नाही."

"म्हणजे?"

"घरी विचारा."

मुलांनी घरी विचारलं. दुपारपासून माझा फोन वाजायला लागला. हा माणूस मुलांच्या डोक्यात जात घालतोय, याला काढा.

बैठकही झूमवरच झाली. अध्यक्ष म्हणाले, "सर, आपल्यात असलं काही नाही. इथे सगळे फक्त मराठी."

"मग तुमच्या नव्या घराच्या जेवणाला अख्खा वर्ग होता, मी सोडून. त्याच्या आदल्याच आठवड्यात तुम्ही मला मूळ गाव विचारलं होतं, वस्तीसकट. ते का, एवढंच मला..."

मला अध्यक्षांचा मेसेज आला: म्यूट कर.

मी केलं. सर बोलतच होते. ओठ हलत होते, बोट नाचत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि निघून गेले. त्यांना काढण्याच्या बाजूने सगळे हात वर झाले. त्यात माझाही होता.

पुढे एकदा नदीकाठच्या वाटेवर भेटले. व्यायामाला तेव्हा तासभरच मुभा होती. दोघांच्या तोंडावर मास्क. मी म्हटलं, "सर, माझं चुकलं."

"माफी मला नको. त्या मुलांच्या घरी पत्र पाठवा, की सरांनी खोटं काही शिकवलं नाही."

"पाठवते."

"तीन चुका चालतील," म्हणाले आणि चालायला लागले.

पत्र मी लिहिलं. पाठवलं नाही. अध्यक्ष माझ्या नवऱ्याचे साहेब, हे कारण मी स्वतःला देत राहिले. खरी भीती वेगळीच होती: पुढच्या जेवणाला आम्हालाही बोलावणार नाहीत.

हिवाळा संपायच्या आत ते हॉस्पिटलात वारले, एकटे. भेटायला कुणाला परवानगी नव्हती. नागपूरच्या नातेवाइकांनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झूमवर ठेवला, त्याची लिंक फिरत फिरत माझ्याकडे आली. वर्गातलं दुसरं कोणी आलं नव्हतं. मी कॅमेरा बंद ठेवून बसले.

त्रिसरण झालं. पांढऱ्या साडीतली त्यांची बहीण स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "तिकडं ऑस्ट्रेलियात त्याचं आपलं म्हणावं असं कोणी होतं का? असलं तर दोन शब्द बोला."

माझ्या पाठीमागून मुलगी पुढे वाकली आणि तिने कॅमेरा चालू केला.

"मी त्यांची विद्यार्थिनी," ती म्हणाली. घरात कायम इंग्रजीत उत्तर देणारी पोर सावकाश, शब्द शोधत मराठीत बोलायला लागली.

मी खुर्ची मागे सरकवली. चौकटीत ती एकटीच राहिली.