शुक्रवारचा निकाल

पूल निम्मा ओलांडून झाला तेव्हा समीक्षक थांबले, हातातली पिशवी कठड्यावर टेकवली आणि सहज सांगावं तसं म्हणाले, की यंदा हंगामाचा निकाल ते लिहिणार नाहीत.

ताईंना वाटलं, दमलेत म्हणून बोलताहेत. रस्ता पाण्याच्या नळांसाठी खणून ठेवला होता, बस बंद होत्या, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीपासून नदीपलीकडच्या घरांपर्यंत दोघांनाही पायी जाण्यावाचून इलाज नव्हता. सतरा वर्षं एका छताखाली काम करून दोघांनी असं बरोबर चालायची ही पहिलीच वेळ. त्यामुळे निम्मं अंतर खड्डे चुकवण्यात आणि ‘जपून हं’ म्हणण्यातच गेलं होतं.

समीक्षक एकोणसत्तर वर्षांचे. ‘शुक्रवारचा निकाल’ हे सदर ते एकतीस वर्षं लिहीत आले होते. तारेबिरे ते देत नसत. सिनेमा पास, नापास, नाहीतर फेरपरीक्षा, आणि कारण चार ओळींत. ‘नायक पावणेतीन तास सूड घेतो, आपण काय केलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. नापास.’ ‘गाणी उत्तम, पण मधूनमधून सिनेमा आडवा येतो. फेरपरीक्षा.’ कचेरीत सगळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत, तोंडावर ‘सर’. हंगाम संपला की सगळ्या सिनेमांचा एकत्र निकाल लागे, अर्धं पान भरून. यंदा एकोणीस सिनेमे होते. मजकूर दोन दिवसांनी द्यायचा होता.

ताई तिथल्या मुद्रितशोधक. सकाळी टेबलाशी बसून देवाचं नाव घ्यायचं आणि लाल पेनाचं टोपण काढायचं, की संध्याकाळपर्यंत मान वर नाही. थोरल्या भावाच्या घरी राहत. वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारी गावात आपण एकटीच असू, असं त्यांना कधी कधी वाटे. पण वाचून काय वाटलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सिनेमाही त्या बघत नसत. नऊ वर्षांत एकही नाही. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत.

ते अकरा दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. एका घड्याळजीच्या मुलीचा सिनेमा लागला होता. समीक्षकांनी लिहिलं, की बाप पहिल्या अर्ध्या तासात जातो, मुलगी दुकान चालवते, हे सगळं छान जमलंय. पण मध्यंतरानंतर बाप चाकाच्या खुर्चीत बसून मुलीचं लग्न ठरवतो, घड्याळांचं दुकान कुठल्या कुठे जातं आणि नायिकाही निराळीच वाटते. ‘एवढं धाडस यंदा दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पास.’ हे वाचताना ताईंचं पेन थबकलं होतं. मेलेला बाप लग्न कसं ठरवील? पण त्यांनी स्वतःलाच दटावलं. सिनेमात काय वाट्टेल ते होतं, आणि आपण कोण शहाण्या लागून गेलो. तपासलं म्हणून सही केली आणि कागद पुढे पाठवला.

छापून आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाचीने घरी त्याच सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यात चाकाची खुर्ची नव्हतीच. मग रविवारी ताई एकट्याच गेल्या, दुपारच्या खेळाला. तिकीट घेताना चोरी करत असल्यासारखं वाटलं. मध्यंतरापर्यंत सरांचं अक्षरन्‌अक्षर खरं. मध्यंतरानंतर एकही नाही. घड्याळजी परत आला नाही, मुलीने दुकान सोडलं नाही आणि शेवटी ती एकटीच शटर ओढून घेते, तेव्हा ताईंना रडू आलं. ते सिनेमासाठी होतं की सरांसाठी, ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या मनात एकच आलं: सरांच्या डोक्यात घोटाळा व्हायला लागला. पुढे रोज देवापुढे हात जोडताना त्या त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलत आणि कचेरीत मात्र अवाक्षर काढत नसत.

आता पुलावर त्यांनी विचारलं, निकाल का लिहायचा नाही?

समीक्षक म्हणाले, कुणासाठी लिहायचा? संपादक कधीचेच म्हणताहेत, की त्या जागेत फोटो छान दिसतील. पोरगा परदेशातून फोन करतो, रक्तदाब विचारतो, औषधं विचारतो. बायको होती तोवर शुक्रवारी सकाळी आधी ती वाचायची आणि ‘फार लागेल हो त्याला, एवढं नका लिहू,’ म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. एवढं बोलून ते चालायला लागले. ताई दोन पावलं मागे राहिल्या. मग भरभर चालून त्यांनी त्यांना गाठलं.

“सर, एक बोलायचंय. रागावू नका.”

“एकदा का असं म्हटलं, की माणूस रागावतोच. बोला.”

त्यांनी सांगून टाकलं. घड्याळजी, खुर्ची, रविवारचा खेळ, सगळं. बोलताना त्या रस्त्याकडेच बघत होत्या. चूक आपलीही आहे, हेही सांगितलं. शंका आली होती आणि तरी सही केली.

पूल संपला, उतार लागला. समीक्षक म्हणाले, “तुम्ही तिकीट काढून गेलात?”

“हो.”

“माझ्या चार ओळींसाठी.”

मग त्यांनी सांगितलं. मध्यंतरात ते चहा घ्यायला बाहेर आले. तिथे एकाच इमारतीत पाच पडदे, दारं सगळी सारखी, गालिचा सारखा, अंधारही सारखाच. तिसऱ्या दारातून जायचं, ते चौथ्यातून गेले. या सिनेमातला बापही दाढीवाला, त्या सिनेमातलाही दाढीवाला. शेवटी नावं सरकायला लागली तेव्हा उलगडा झाला. घरी येताना स्वतःशीच हसू आलं, पण ते कुणाला सांगायला घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन नीट बघायचं ठरवलं होतं. गेले नाहीत. जसं पाहिलं तसंच लिहिलं, जाणूनबुजून. म्हटलं बघू, कुणी ओरडतंय का. एखादं पत्र येईल, एखादा फोन येईल, निदान कचेरीत कुणी टिंगल करील. शनिवार गेला. सोमवार गेला. शिपायानेही काही म्हटलं नाही, आणि तो तर उभ्याउभ्या सगळं वाचतो. अकराव्या दिवशी त्यांनी ठरवलं, की पुरे झालं.

“आणि तुम्ही अकरा दिवस गप्प,” ते म्हणाले. “का?”

ताईंना खोटं बोलता येत नसे. “मला वाटलं, तुमचं विसरायचं वय झालं. वाईट वाटलं हो.”

समीक्षक हसले, पण ते हसणं पुढे सरकेना. “म्हणजे वाचणारं एक माणूस होतं, आणि तेही माझी कीव करत बसलं होतं.”

ताई मनात होतं तेच बोलल्या. वाचकांशी आपण खोटं वागलो, दोघंही. ते छापून सांगायला हवं. ज्यांनी तो सिनेमा केला त्यांचा अर्धा पेपर तपासलाच नाही आणि निकाल लावला. एरवी तुम्ही हे कुणाला खपवून घेतलं नसतं, सर.

“नसतं घेतलं,” ते म्हणाले.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोघं थांबली. तिथून दिसणाऱ्या तीन मजली घरात वरच्या खिडकीला दिवा नव्हता, ती त्यांची. समीक्षकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हंगामाचा निकाल परवा देतो म्हणाले. एकोणीस सिनेमे, आणि विसावा त्यांचा स्वतःचा लेख, नापास, कारणासकट. सिनेमा उद्या पुन्हा बघणार, दार विचारून आत जाणार. तुमच्या सहीबद्दल मात्र लिहीत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

ताई ‘बरं’ म्हणाल्या आणि वळल्या. चार पावलं गेल्या असतील, तोच मागून हाक आली.

“ताई, एक करा. यापुढे माझं काही चुकलंसं वाटलं, तर त्याच दिवशी येऊन सांगा. आणि नाही चुकलं, तरी काय वाटलं ते सांगत जा.”