माइकवर मी होते

आश्रमातल्या बाबाचा राग मला नंतर आला. आधी आला तो मत्सर. हे मी कुठल्याही रिपोर्टात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली. तिच्या वेण्या मी घातल्या, कॉलेज मी ठरवलं, हिंगण्याला कंपनीत शिफ्टला जाणारा नवराही मीच पसंत केला. कोणती साडी नेसू इथपासून पोरीला कोणत्या डॉक्टरकडे नेऊ इथपर्यंत तिचा फोन मला. मी ड्युटीवर वैतागून म्हणायची, काहून वं, तुले स्वतःची अक्कल नाही का? आणि मनातल्या मनात सुखावायची. मग तिच्या नवऱ्यानं तिला काटोल रोडवरच्या एका बाबाच्या सत्संगाला नेलं, आणि फोन कमी झाले. एकदा मीच फोन करून विचारलं, पोरीचा ताप उतरला का. म्हणाली, बाबांना विचारलं, ते म्हणाले उतरेल. केस कोणत्या वारी धुवायचे तेही आता बाबांना विचारून. मी फौजदार बाई, गल्लीतले टपोरी मला पाहून गाडी वळवतात, आणि माझ्या जागेवर हा दाढीवाला येऊन बसला. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

नवऱ्यानं तिला नेलं आणि सहा महिन्यांत तोच कंटाळून परत आला. ती मात्र पोरीला घेऊन आश्रमातच राहायला गेली. चार वर्षं राहिली. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा आतून एकच निरोप आला, ताईला सांगा मी सुखात आहे. मला ते सुख बघवत नव्हतं, खरं सांगते.

मे महिन्यात तिथली एक बाई संत्र्याच्या बगिच्याच्या तारेखालून निसटून ठाण्यात आली. तिच्या पाठीवर वळ होते. तिनं सांगितलं, लेकरांना शिक्षा म्हणून खोलीत कोंडतात, दोन-दोन दिवस जेवायला देत नाहीत, कोणाला घरी जायचं म्हटलं तर चपला काढून घेतात. दुसऱ्या दिवशी आम्ही वॉरंट घेऊन गेलो. बाबानं गेट लावून घेतलं आणि वरच्या खिडकीतून सांगितलं, एकही लेकरू बाहेर जाणार नाही. आत वीस-बावीस माणसं, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. साहेबांनी लाइट तोडायला लावली, मोटारीचं पाणी बंद केलं. दोन दिवसांत आपोआप बाहेर येतील म्हणाले. मी मान डोलावली. माझा विचार तर त्याहून पुढचा होता: गेट तोडावं आणि त्या माणसाला दाढी धरून फरफटत आणावं.

आमच्यासोबत एक कॉन्स्टेबल होती, काटोलकडच्या खेड्यातली, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेली. तिचं बोलणं असं की वर्दीत मले-तुले करू नको म्हणून मी तिला चारचौघांत टोकलं होतं. मी स्वतः घरी कशीही बोलेन, वर्दी चढवली की शुद्ध बोलते. ट्रेनिंगला पुण्या-नाशकाच्या पोरी हसल्या होत्या, तेव्हापासून. ही पोरगी मात्र टोकलं की हसायची आणि पुन्हा तसंच बोलायची. शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळे तिच्याशी खुशीत बोलायचे, आणि माझ्याशी कामापुरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी माझ्या हातात माइक दिला. म्हणाले, तुमची बहीण आत आहे, तुमचा आवाज ओळखेल, तुम्हीच बोला. मला बरं वाटलं. परेडला कमांड मीच देते, आवाज माझा खणखणीत आहे. साहेबांनी दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं मी दोनदा वाचलं, ठासून: आश्रमाला पोलिसांनी घेरलेलं आहे, सर्वांनी शांतपणे समर्पण करावे.

आत घंटा वाजली. अंगणात दिसणाऱ्या दोघी-तिघी आत गेल्या आणि हॉलच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मला वाटलं, चला, ऐकलं, आता सामान आवरून बाहेर येतील.

तेवढ्यात पळून आलेली ती बाई आमच्या गाडीतून उडी मारून धावत आली. समर्पण म्हणजे आश्रमात काय, ते तिनं साहेबांचा हात धरून सांगितलं. बाबा वर्षभर सांगत होता की एक दिवस दुनिया दारात येऊन आपल्याकडे समर्पण मागेल, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून प्रसाद घ्यायचा आणि देह सोडायचा. बगिच्याच्या फवारणीच्या औषधाचे डबे त्यानं हॉलमध्ये आणून ठेवले होते. त्या दिवसाची तो वाट पाहत होता, आणि तो दिवस त्याला मी माइकवरून जाहीर करून दिला.

साहेब गेट तोडायचा हुकूम देत होते. त्या बाईनं सांगितलं की गेटवर धक्का बसला की आत पेले तोंडाला लागतील. साहेबांनी हुकूम थांबवला. तेव्हा ती कॉन्स्टेबल पुढे झाली आणि म्हणाली, साहेब, मले पाच मिनिटं द्या अन् सगळ्यायले मागं घ्या. आमच्या माणसांसाठी आलेला पाण्याचा टँकर निंबाखाली उभा होता. तिनं ड्रायव्हरला तो उलटा गेटला लावायला सांगितला, हॉर्न वाजवायला लावला आणि डोक्यावरची टोपी काढून नागपूरच्या कुठल्याही वस्तीत मे महिन्यात ऐकू येते तशी हाळी दिली.

"पाणी आलं वं बायांनो! डरम घेऊन या, टँकर थांबत नाही!"

पुन्हा हॉर्न. पुन्हा हाळी. तिसऱ्या हाळीला हॉलचं दार उघडलं आणि एक बाई रिकामी बादली घेऊन धावत आली. तिच्यामागे दुसरी. दोन दिवस घशाला कोरड होती, आणि टँकर आला की धावायचं हे या बायांच्या पायांना बाबाच्या आधीपासून ठाऊक होतं. पाचवी माझी बहीण होती. दंड वाळून काडीसारखे झालेले.

पहिल्या बाईनं गेटमधली छोटी दिंडी आतून उघडली, आणि कॉन्स्टेबल तिथंच पाइप धरून उभी राहिली. मी निंबाखाली, चाळीस पावलांवर. तिनं बाबाचं नाव काढलं नाही, पोलिसांचं काढलं नाही. माझ्या बहिणीला विचारलं, लेकरू जेवलं का. बहीण म्हणाली, पाणीच नाही त शिजवू कशात. ही म्हणाली, मंग भर ना बाई, निवांत भर, मी उभीच आहो. आणि माझी बहीण हसली. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि तो त्या पोरीसाठी होता. बहीण जिवंत होती, आणि मी निंबाखाली उभी राहून जळत होते. माझी मलाच किळस आली, तरी जळणं थांबलं नाही.

मग कॉन्स्टेबलनं सांगितलं, लेकरायले इथंच आणा, पाइपाखाली आंघोळ घाला, किती दिवसांची घाण आहे अंगावर. बायांनी लेकरं आणली. लेकरं टँकरखाली नाचायला लागली आणि आत जायला तयार होईनात. साहेबांनी तेवढं एक शहाणपण केलं, एकाही शिपायाला जागचं हलू दिलं नाही. दुपारी चारच्या सुमारास हॉलमध्ये फक्त बाबा आणि त्याचे चार सेवक उरले. ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर तो आपणच बाहेर आला, आणि डबे सगळे भरलेलेच मिळाले.

आता ट्रेनिंगला पोरी येतात, तेव्हा मी त्यांना हे सांगते. अशा ठिकाणी पाणी तोडू नका, पाणी पाठवा. ज्यांनी गुन्हा केला नाही त्यांना शरण यायला सांगू नका. आत कोणते शब्द चालतात ते पळून आलेल्याला आधी विचारा, माइक नंतर हातात घ्या. कोणाला त्याच्या बाबाला शिव्या द्यायला लावू नका, बाहेर यायला साधं कारण द्या. घाई करू नका. हे सगळं त्या कॉन्स्टेबलनं केलं, असं मात्र मी पहिली दोन वर्षं सांगत नव्हते. 'आमच्या टीमनं' म्हणायची. रिपोर्टातही तेच लिहिलं, आणि तिनं त्यावर सही केली. त्या रिपोर्टावर बक्षीस मिळालं तेही टीमला.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेवटी बहिणीजवळ गेले. ती टँकरच्या चाकाशी बसली होती. भाची कॉन्स्टेबलच्या टॉवेलात गुंडाळलेली, कॉन्स्टेबलच्याच मांडीवर, आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. मी बहिणीला म्हटलं, माझ्याबरोबर घरी चल. मग राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात होतं ते विचारलंच, त्या माणसाचं एवढं ऐकत होतीस, माझं का नाही ऐकलंस?

ती पदराला ओले हात पुसत म्हणाली,

"ताई, बाबा दोन दिवसांपासून म्हणून राहिले होते का समर्पण करू. मी नाही उठली. पोरीले घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. मंग माइकवर तुहा आवाज आला, समर्पण करा. मी म्हटलं, आता ताईच म्हणते त करा लागन. पोरीले उचललं अन् गेली हॉलमध्ये."

चार वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं, की ती अजूनही माझंच ऐकते.