सुमननं लपवलं नव्हतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, पुण्याच्या डॉक्टरांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे याचा अर्थ तुमच्यावर माझा जीव आहे असं समजू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बरं आहे. आणि ऐकून घेताना तोंडानं च्‌ च्‌ करू नका. मला ते सोसत नाही.

मी मांडवगण फराट्याची. सासरची माणसं एके काळी मेंढरं घेऊन हिंडायची — आजेसासऱ्यांनी जमीन धरली, सासऱ्यांनी पाणी आणलं, आणि आता आमचा ऊस आहे, कांदा आहे, दारात गाडी आहे. आम्ही हे सगळं फार लवकर विसरलो. आपण कायमच असे होतो, असं वागायला लागलो. मीही.

माझी थोरली बहीण खुटबावला दिलेली. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. तिनं लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा फार पुढं गेलेलं. शेवटचे महिने मी तिच्यापाशी होते. ती गाठ मी माझ्या बोटांनी चाचपलेली आहे — टणक, दुखत नाही, सरकत नाही. एकदा हाताला कळलं की ते विसरता येत नाही. हे आधी सांगते, कारण पुढं तुम्ही म्हणाल, हिला बिचारीला काय माहीत असणार. मला माहीत होतं.

सुमन आमच्या शेतात कामाला यायची. बुद्धविहारामागं तिचं घर. नवरा रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं, म्हणजे आज काम आहे, उद्याचं सांगता येत नाही. एक मुलगी, प्रज्ञा, तेव्हा बारावीला. सुमन नुसती कामाला येत नव्हती, बाया आणायची. तिनं म्हटलं तर अख्खी टोळी आमच्या कांद्यात उतरायची. ती नाही आली तर एकही नाही. त्या वर्षी कांद्याला बाजार होता आणि वळवाच्या पावसाचं भ्या होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. काय चाललं होतं ते सांगते.

दुपारी बाया बांधावर भाकरी खात होत्या. मी चहाची किटली घेऊन गेले होते. सुमन मला मोटरीच्या खोलीमागं घेऊन गेली. इकडंतिकडं पाहिलं आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. इतक्या वर्षांत तिनं माझा हात कधी धरला नव्हता. आमच्याकडं तसं कुणी धरत नाही. का ते तुम्हाला सांगायला नको.

"वैनी, बघा जरा. तुमच्या अक्काचं तुम्ही केलंय. तुमाला कळतंय म्हून तुमालाच दावते."

माझ्या बोटांना लगेच कळलं. तसाच टणकपणा. मी हात काढून घेतला आणि म्हणाले, "काही न्हाई गं. दुधाची गाठ हाय. शेकत जा."

"डाक्टरला दावू का?"

"कांदा होऊ दे. मग बघू."

तिचा चेहरा मोकळा झाला. खरंच मोकळा झाला — हे मला रोज दिसतं. हसली, पदर खोचला आणि कांद्यात गेली. त्या दिवशी तिनं सगळ्या बायांपेक्षा जास्त वाफे काढले.

झालं का तुमचं समाधान? नाही. अजून आहे. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, एका दुपारी हावरेपणा केला. माणसाकडून होतं.

कांदा झाला. मग घरात पुतणीचं लग्न निघालं. मग उसाची लागण. सुमननं परत एकदा विचारलं, चालता चालता, "वैनी, ती हाय तशीच हाय. दुखत मातर न्हाई." मी म्हणाले, "दुखत न्हाई ना? मग चांगलंच हाय." न दुखणारी गाठच वाईट असते, हे मी खुटबावला शिकले होते.

दिवाळीनंतर अंघोळ करताना मला माझीच गाठ लागली.

आता माझं बघा. मी कांदा होऊ दिला नाही. लग्न बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली होती. मुलानं सगळ्यात मोठा डॉक्टर शोधला. ऑपरेशन झालं, औषधं झाली. लवकर आलात म्हणून वाचलात, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. लवकर म्हणजे काय, ते मला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आणि तेव्हाही मी सुमनला सांगितलं नाही. एक रोग, एक गाव, मध्ये चार गल्ल्या. गावात सांगितलं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. का? मला कॅन्सर आहे हे तिला कळलं असतं, तर तिनं स्वतःच्या छातीला हात लावला असता आणि मग माझ्याकडं पाहिलं असतं. ते पाहणं मला नको होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

त्या दिवसांत घर तीच बघत होती. मला ओकारी व्हायची, पातेलं ती धुवायची. "वैनी, केस कशानं गेले हो?" — एकदाच विचारलं. मी म्हणाले, औषधं गरम पडली. तिनं माझ्यासाठी तांदळाची पेज केली, मीठ जरा जास्त घालून, तोंडाला चव यावी म्हणून. पेज ढवळत होती तो तिचा उजवा हात तेव्हा सुजायला लागला होता, अक्काचा सुजला होता तसाच. मी बघितला. पेज प्याले.

उन्हाळ्यात तिची गाठ फुटून जखम झाली. नवऱ्यानं खाडे करून दौंडला नेलं, तिथून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. कार्ड होतं तिच्याकडं, उपचार फुकट झाले असते. पण डॉक्टरांनी सांगितलं, आता फार उशीर झाला. खाड्यांमुळं नवऱ्याचं काम गेलं. ती पुढच्या पावसाळ्यात गेली. मी भेटायला गेले होते. तिनं मला बसायला खुर्ची द्यायला लावली, आणि त्या दुपारबद्दल एका शब्दानं काही बोलली नाही. मी त्याचा फायदा घेतला.

ती गेल्यावरच मी माझ्या कॅन्सरबद्दल उघड बोलायला लागले. आधी नाही. लोकांना फार कौतुक. महिला दिनाला शिरूरला बोलावलं, शाल दिली, माइक दिला. मी सांगितलं, बायांनो, लाजू नका, लपवू नका. माझ्यानंतर एक डॉक्टरीणबाई उठल्या. म्हणाल्या, गरीब वस्तीतल्या बायका उशिरा येतात कारण त्यांच्यात जागृती नाही, त्या दुखणं अंगावर काढतात. सगळ्या सभेनं माना हलवल्या. मला त्या सभेचा राग आला. असा राग की माइक ओढून घ्यावा. त्यांना उशिरा कळतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? त्या सांगून मोकळ्या झालेल्या असतात. ज्याच्या रानात राबतात, त्याला सांगितलेलं असतं. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईनं गेल्या महिन्यात काय दुखतंय म्हणून सांगितलं होतं — आठवतं? सुट्टी देताना तुम्ही तोंड कसं केलं होतं?

पण मी माइक ओढला नाही. मीही मान हलवली.

कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा आली. ती आता रांजणगावला एका कंपनीत लाइनवर आहे. शिफ्ट बदलून आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, एक विचारू? आई तुम्हाला कवा काय बोलली होती का? गाठीचं?"

ती वाट बघत होती. माझ्यापुढं जागा होती, वेळ होता, आणि कांदा नव्हता.

मी म्हणाले, "न्हाई गं. मला बोलली असती तर मीच नेलं असतं."

"तेच म्हणलं," ती म्हणाली. "तुम्ही नेलंच असतं. आईचंच चुकलं. अडाणी होती. लपवत बसली." तिचे डोळे भरले होते, पण आवाजात आईवरचा राग होता.

तो राग मी तिला दिला. सुमनची आठवणसुद्धा मी तिच्या लेकीकडं धड राहू दिली नाही.

आता प्रज्ञा तिच्या लाइनवरच्या पोरींना सांगते. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या महिला मंडळात बोलली — माझ्या आईसारखं करू नका, माझ्या आईनं कुणालाच सांगितलं नाही. छान बोलली, जराही अडखळली नाही. मी पुढच्या ओळीत बसले होते. तिचं झाल्यावर पहिल्या टाळ्या मी वाजवल्या.