सावलीत बसून उन्हावर भाषणं

मूर्खपणाचे किस्से जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. चार मोठ्या माणसांबरोबर गावोगाव हिंडायचं, बस! ते आपोआप साचत जातात.

मी दोन वर्षं हिंडतेय. वसमतच्या एका छोट्या संस्थेत नोकरी, आणि काम म्हणजे लोकांना हवामान बदल समजावून सांगणं. टीम तिघांची. भूगोलात एम.ए. केलेली मी, आमचे प्रमुख असलेले निवृत्त शिक्षक, म्हणजे सर, आणि जीप चालवणारे शेख मामू. शिक्षण सगळ्यात कमी मामूंचं. अक्कल सगळ्यात जास्त कुणाला, ते सांगायची गरज नाही.

या दोन वर्षांत मला एकच गोष्ट करून घ्यायची होती. हळद काढणीच्या दिवसांत बायांनी उजाडताच शेतात यावं आणि अकराला घरी जावं. उरलेलं काम चारनंतर. यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही. पण ज्यांनी 'हो' म्हणायचं, ते सगळे सावलीत बसणारे!

*

पहिला हट्ट आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे धरला. म्हटलं, औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेत स्टॉल लावायचाय, उन्हात हळद वेचणाऱ्या बायांचं पोस्टर छापून द्या.

पोस्टर आलं. त्यावर पांढरं अस्वल! बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं.

मुकाट्यानं टांगलं. दर्शन घेऊन आलेला एक म्हातारा बराच वेळ बघत थांबला.

"हे कुठलं म्हणायचं?"

"उत्तर ध्रुवावरचं, बाबा. त्याचं बर्फ वितळतंय. राहायला जागा उरली नाही त्याला."

बाबांनी मान हलवली. "वाईट झालं. पण इकडं येऊ नको म्हणावं त्याला. आमालाच पाणी न्हाई."

*

मागच्या पावसाळ्यात एका शाळेला आम्ही पर्जन्यमापक दिला. पोरांनी रोज पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा. महिन्यानं गेलो तर वही एकदम टापटीप. लाल शाईनं आखलेली. आणि रोजच्या रकान्यात शून्य!

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, आम्ही ओढ्याच्या पाण्यातून जीप काढून इथवर आलो."

"असंल. पण यंत्रात काही आलं न्हाई मॅडम."

"यंत्र कुठाय?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं. पर्जन्यमापक आतल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला.

"बाहेर काहून नाही ठेवला?"

"बाहेर?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाहेर ठिवला तर भिजंल की!"

*

एप्रिलमध्ये एका गावात कार्यक्रम ठेवला. विषय, उष्माघातापासून बचाव. वेळ, दुपारी एक. जागा, पत्र्याचं शेड! वेळ कुणी ठरवली? सरांनी. पाहुण्यांना सकाळी जमत नव्हतं म्हणे.

पाहुण्यांना एकलाही जमलं नाही. ते पावणेदोनला आले. तोवर स्वागतासाठी पोरी बाहेर उन्हात, दोन ओळींत, हातात फुलं घेऊन. मी त्यांना आत बसवलं की कुणीतरी मोठं माणूस पुन्हा बाहेर उभं करी.

सरांचं भाषण सुरू झालं आणि सातवीतली एक पोरगी भोवळ येऊन खाली बसली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. मामूंनी तिला उचलून झाडाखाली नेलं.

आणि माइकवरून सर म्हणाले, "बघा! मी काय सांगतोय ते आत्ता लक्षात आलं ना?"

*

सिद्धेश्वरला धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांची बैठक. आत सर कार्बनवर बोलत होते, बाहेर आमची जीप अर्धा तास घुरघुरत उभी. मी बाहेर आले.

"मामू, इंजिन बंद करा ना. आत धुरावर भाषण चाललंय!"

"सरनेच बोला, चालू रखो," मामू शांतपणे म्हणाले. "भाषण होने के बाद उनको गाडी ठंडी लगती."

*

त्याच बैठकीत एक आजोबा उठले. म्हणाले, "हवामान-बिवामान काही न्हाई. पोरी मोबाईल घेऊन हिंडून राहिल्या, म्हणून पाऊस पळाला."

सगळ्या टोप्या डोलल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी हात दाबला. मोठी माणसं आहेत म्हणे!

आजोबा खाली बसले, खिशातून मोबाईल काढला आणि शेजाऱ्याला दाखवला. "गुरुवारी पाऊस दाखवून राहिला बघ."

*

आता अप्पांचं ऐका. अप्पा म्हणजे आमच्या कामाच्या गावातले मोठे हळदवाले. त्यांच्या शेतात काशाबाईंची टोळी हळद वेचते. यंदा मार्चमध्ये काशाबाईंची सून भर बाराला वाफ्यातच कोसळली. सहावा महिना तिला. दोन दिवसांनी पोरगी पुन्हा कामावर हजर!

मी सरांना घेऊन अप्पांकडे गेले. अप्पा बांधावरच्या कडुलिंबाखाली बाजेवर लोळत होते. सरांनी त्यांना वातावरणाचे थर समजावून सांगितले. मी मधेच तोडून म्हटलं, "अप्पा, बायांना अकराला सोडा."

"काहून? बाया काय लोण्याच्या हायत व्हय? आमच्या वेळी बी ऊनच व्हतं." मग वाफ्याकडे हात केला. "उलट कामचुकारपणा चालू हाय. इथून मला नीट दिसत बी न्हाई."

हे काशाबाईंनी ऐकलं. पदर खोचला, तीन बायांना खूण केली आणि येऊन म्हणाल्या, "मालक, जरा उठा."

अप्पा उठले. चौघींनी बाज उचलली आणि थेट वाफ्यांच्या मधोमध नेऊन ठेवली.

"इथं बसा. समदं बराबर दिसंल."

एवढ्या बायांसमोर नाही कसं म्हणणार? अप्पा जाऊन बसले. लिंबाखाली जागा मोकळी झाली, तिथं काशाबाईंनी सुनेला बसवलं. साडेअकरा झाले होते.

दहा मिनिटांत अप्पांनी टोपी काढली. मग डोक्यावर उपरणं घेतलं. मग पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं. सर माझ्या कानात पुटपुटले, "वयस्कर माणूस आहे." मी म्हटलं, "थर सांगा ना त्यांना!"

सव्वाबाराला अप्पा उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद.

"ऐका गं! उद्यापासून अकराला सुटी. चला, उठा समद्या."

एकही बाई उठली नाही. काशाबाईंनी मान वर न करता पाटीत हळद टाकली.

"उद्यापासून ना? मग आजचे दोन वाफे पुरे करतो की. बसा मालक."